फुरसतीचा उद्योग : लाकडाच्या कलानें

‘कातीव’ हें विशेषण आपण मराठी माणसें फार उदारपणानें वापरतों. खांब कातीव असतो, पाळण्याचे गज कातीव असतात, मल्लाचा बांधा कातीव असतो. इतकेंच काय, एखाद्या लेखकाची वाक्यरचना आवडली म्हणजे तीहि कातीव ठरते. परंतु हा शब्द ज्याच्या हातांतून भाषेंत आला, त्या कातारी कारागिराला काम करतांना पाहिलेले वाचक थोडेच निघतील. सुतार आपल्या घरीं येतो, म्हणून त्याचा रंधा आणि करवत घरांतील मुलांच्याहि ओळखीचीं असतात. कातारी आपल्या जागेवर बसून काम करतो, आणि आपल्या घरीं येते ती केवळ त्याची वस्तु : लाटणें, कुंकवाचा करंडा, भोंवरा, मुलींची भातुकली. वस्तूशीं घरोबा आणि कर्त्याशीं अनोळख, असा हा प्रकार आहे.

या महिन्यांत कातकामाविषयीं, आणि त्यांतहि नवशिक्यानें लाकडी वाडगा कसा करावा याविषयीं, लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यास कारण आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि माडपोफळींबरोबर आंब्याफणसांचीं कितीतरी जुनीं झाडें एका दिवसांत उन्मळून पडलीं. पुढील वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळानें पुन्हा किनारपट्टीस झोडपलें. शहरांत जुना वाडा पाडून नवी इमारत उभी राहते तेव्हां परसांतील झाडाचीहि तीच गत होते. पणजोबांनीं लाविलेला फणस आडवा झाला म्हणजे घरांतील लहानथोरांस चार दिवस चुकल्यासारखें वाटतें. मग लाकूडवाला येतो, खोडाचे तुकडे होतात आणि तें सर्पणाच्या भावानें जातें. त्याच खोडांतून प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक वाडगा निघाला असता, हें त्या गडबडींत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. आणि कोणाच्या ध्यानीं आलें, तरी तोंपर्यंत लाकूड उन्हांत तडकून गेलेलें असतें. झाड पडल्यानंतरचे पहिले कांहीं दिवसच खरे हाताशीं असतात. तेवढ्या दिवसांत काय करावें हें जाणणारें एक तरी माणूस घरांत असावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

प्रथम लाकूड कां तडकतें तें समजून घेऊं. ओलें लाकूड म्हणजे पाण्यानें भरलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांची जणूं मोळी. तें सुकूं लागलें म्हणजे आधीं नळ्यांच्या पोकळींतील पाणी जातें. त्यानें वजन कमी होतें, आकार बदलत नाहीं. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारें ३० टक्क्यांवर आला म्हणजे नळ्यांच्या भिंतींतील पाणी निघूं लागतें, आणि येथून लाकूड आक्रसूं लागतें. हें आक्रसणें सर्व दिशांनीं सारखें नसतें. लांबीच्या दिशेनें तें जवळजवळ नसतेंच. गाभ्याकडून सालीकडे तें बऱ्यापैकीं असतें, आणि वाढीच्या वर्तुळांच्या अनुरोधानें त्याच्या सुमारें दुप्पट. यामुळें अख्खें गोल खोड सुकूं लागलें कीं परिघाला आंत येण्यास जागा उरत नाहीं आणि तें सालीपासून गाभ्यापर्यंत फाटतें. खोडाची गोल चकती आठवण म्हणून कापून ठेवणाऱ्यांस हा अनुभव हमखास येतो.

तेव्हां झाड पडलें कीं तीन गोष्टी ताबडतोब कराव्या. खोडाचे तुकडे हव्या त्या व्यासापेक्षां थोडे लांबच ठेवावे. त्यांच्या दोन्ही कापलेल्या तोंडांना वितळलेल्या मेणाचा किंवा उरलेल्या तैलरंगाचा जाड थर द्यावा, कारण पाणी सर्वांत लवकर तेथूनच निघून जातें. आणि प्रत्येक तुकडा उभा चिरून त्याचे दोन अर्ध करावे. चिरतांना खोडाच्या अगदीं मधला ठिपका, ज्यास वनस्पतिशास्त्रांत भेंड म्हणतात, तो भाग काढून टाकावा. अर्धें झालेलें खोड मोकळेपणानें आक्रसूं शकतें. हे अर्ध सावलींत, जमिनीपासून थोडे उंच, वारा बेतानें लागेल असे ठेवावे. गच्चीवर उन्हांत वाळत घालण्यासारखी दुसरी घातक गोष्ट नाहीं.

झाडाच्या जातीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. फणसाचें नारेचें लाकूड ताजें असतांना पिवळें धमक असतें आणि वर्षांच्या ओघांत तपकिरी होत जातें. मृदंगाचें खोड आणि तंजावरी वीणा याच लाकडाची करतात, यावरून त्याची योग्यता कळेल. नवशिक्याच्या हाताला तें सोसतें. आंब्याचें लाकूड स्वस्त आणि मऊ, परंतु ओलें पडून राहिलें तर त्यावर बुरशीचे डाग फार लवकर पडतात. सागांत सिलिका असते. ती हत्याराची धार पाहतां पाहतां खाते. शिसव देखणा खरा, पण त्याच्या धुळीनें कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतें. पहिले धडे आंबा आणि फणस यांवरच गिरवावे.

आतां प्रत्यक्ष कातण्याकडे वळूं. लाटणें कातणें आणि वाडगा कातणें या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि एक येते म्हणून दुसरी येईल असें मानणें धोक्याचें आहे. लाटण्यांत लाकडाचे तंतु आणि फिरण्याचा आंस एकाच दिशेनें असतात. हत्याराला सर्व बाजूंनीं तंतूंची पाठच लागते. वाडग्याचा ठोकळा यंत्रावर, म्हणजे लेथवर, असा बसवितात कीं तंतु आंसाला आडवे राहतात. त्यामुळें एका फेऱ्यांत हत्यारापुढें दोनदां तंतूंची कूस येते आणि दोनदां त्यांचीं टोकें येतात. कुशीवर हत्यार सुखानें चालतें, टोकांवर तें खडबडतें, आणि हें आलटून पालटून एका सेकंदांत कित्येक वेळां घडत असतें. नवशिक्याच्या हाताला जो थरथराट जाणवतो त्याचें मूळ हें आहे.

यावर उपाय एकच, आणि तो आपल्या भाषेनें फार पूर्वीं सांगून ठेविला आहे : कलानें घ्यावें. वाडग्याची बाहेरची बाजू कातावयाची तेव्हां हत्यार बुडाकडून कांठाकडे, म्हणजे लहान घेराकडून मोठ्या घेराकडे न्यावें. आंतली पोकळी काढतांना उलट, कांठाकडून मध्याकडे यावें. असें केलें म्हणजे कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तंतूच्या पाठीशीं दुसऱ्या तंतूचा आधार राहतो आणि कापा गुळगुळीत निघतो. उलट दिशेनें गेलें तर तंतु आधारावांचून उचकटतात आणि मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरविल्यासारखा पृष्ठभाग पिंजारून उठतो. मग कितीहि पॉलिश कागद घासला तरी ते ओरखडे जात नाहींत. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस दिशा पाहून हात फिरविण्याची ही विद्या नव्यानें शिकवावी लागेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हत्यार म्हणजे पन्हळीसारख्या अंगाची गोल पटाशी. कारखान्यांतून तिला ‘गाउज’ म्हणतात. वाडग्यासाठीं असणारी गोल पटाशी जाड गोल सळईची, खोल पन्हळीची आणि लांब मुठीची असते. लाटण्याच्या पहिल्या ओबडधोबड कामासाठीं जी रुंद पटाशी मिळते तिचें मुठींत शिरणारें शेपूट बारीक असतें. वाडग्याच्या झटक्यानें तें मोडतें आणि पातें उडतें. ती वाडग्यावर कदापि लावूं नये. दुकानदारानें संच म्हणून चारपांच हत्यारें एकत्र दिलीं असतां हा विवेक नवशिक्यालाच करावा लागतो.

हत्यार लावण्याचा क्रम ठरलेला आहे. यंत्राला हत्यारासाठीं जो टेका असतो त्यावर प्रथम पटाशी नीट टेकवावी. मग धारेच्या मागील उतार फिरत्या लाकडाला नुसता लागूं द्यावा. या वेळीं कांहींच कापलें जात नाहीं. त्यानंतर मूठ हळूहळू वर उचलावी, म्हणजे धार खालीं येऊन लाकडाला भिडते आणि कीस निघूं लागतो. हा क्रम उलटा केला आणि उताराचा आधार घेण्यापूर्वींच धार लाकडाला लावली, कीं लाकूड हत्यार ओढून घेतें. त्याचा झटका खांद्यापर्यंत बसतो आणि प्रसंगीं ठोकळा यंत्रावरून निखळतो. जोर लावण्याचें कारणच नाहीं. धार चांगली असेल तर कीस लांब फितीसारखा उडतो. भुसा पडूं लागला कीं समजावें, धार गेली. तासाभराच्या कामांत पटाशी अनेक वेळां सहाणेवर नेणें हा वेळेचा अपव्यय नव्हे, तो कामाचाच भाग आहे.

वाडग्याची बाहेरची बाजू आधीं होते. ठोकळ्याच्या ज्या तोंडाला पुढें पोकळी काढावयाची, त्या तोंडाला लोखंडी फेसप्लेट स्क्रूंनीं पक्की करतात आणि ठोकळा फिरवून बाहेरचा घाट व बुडाची बैठक कातून घेतात. मग ठोकळा उलटा करून ती बैठक चकच्या जबड्यांत धरतात आणि आंतली पोकळी काढतात. स्क्रूंचीं भोंकें जेथें होतीं तो भाग पोकळीबरोबर निघून जातो. पोकळी काढतांना मधून मधून यंत्र थांबवून खोली मोजावी. बूड किती उरलें हें डोळ्यांना कळत नाहीं.

येथें धोक्याविषयीं स्पष्ट लिहिणें आमचें कर्तव्य आहे. या उद्योगांत होणाऱ्या दुखापती बहुतेक टाळतां येण्याजोग्या असतात, पण ज्या होतात त्या किरकोळ नसतात. वेगाचा एक ठोकताळा कातारी लोकांत रूढ आहे : ठोकळ्याचा इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान असावा. म्हणजे १० इंचांच्या ठोकळ्यास मिनिटाला ६०० ते ९०० फेरे पुरेत. आणि ठोकळा अजून गोल झाला नसेल तर त्याहूनहि कमी. यंत्र सुरू करण्यापूर्वीं ठोकळा हातानें एक पूर्ण फेरा फिरवून तो टेक्याला अडत नाहीं याची खात्री करावी, आणि बटण दाबतांना ठोकळ्याच्या समोर उभें न राहतां बाजूस राहावें. भेग गेलेलें लाकूड यंत्रावर चढवूं नये. नुसता चष्मा पुरेसा नाहीं. पूर्ण चेहरा झाकणारा पारदर्शक मुखवटा मिळतो, तो पहिल्या दिवसापासून वापरावा. हातमोजे मात्र घालूं नयेत, कारण फिरत्या लाकडांत मोजा गुंतला तर हात सुटत नाहीं. बाह्या कोपरापर्यंत, पदर व ओढणी खोंचलेली, केंस बांधलेले, अंगठ्या व बांगड्या काढलेल्या असाव्या. उन्हाळ्यांत उघड्या अंगानें काम करण्याची पुरुषांची संवय येथें सोडावी. गळ्यांतील साखळी काय आणि जानवें काय, फिरत्या ठोकळ्याला दोन्ही सारखींच.

धुळीचा धोका दिसत नाहीं म्हणून अधिक सांगावा लागतो. लाकडाची धूळ माणसांत कर्करोग उत्पन्न करणारी आहे असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिला. नाकाच्या पोकळींतील कर्करोगाशीं तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. हा निष्कर्ष मुख्यतः वर्षानुवर्षें कारखान्यांत काम करणाऱ्यांविषयींचा असला, तरी हौशी माणसानेंहि तोंडाला रुमाल बांधून समाधान मानूं नये; धूळ गाळणारा चांगला मुखपट वापरावा. आणि यंत्र माजघराशेजारीं न ठेवतां पडवींत किंवा वेगळ्या खोलींत ठेवावें. घरांत दम्याचें माणूस किंवा तान्हें मूल असेल तर या बाबतींत तडजोड नको.

वाडगा एका बैठकींत पुरा करण्याचा मोह हा नवशिक्याचा मोठा शत्रु. ओल्या लाकडाचा वाडगा एकदम पातळ कातला तर तो सुकतांना लंबगोल होतो. कित्येकांना तो तसाच आवडतो, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. पण गोल आणि स्थिर बसणारा वाडगा हवा असेल तर तो दोनदां कातावा लागतो. पहिल्या वेळीं भिंत व्यासाच्या एकदशांश जाड ठेवावी, म्हणजे १० इंचांच्या वाडग्यास १ इंच. हा जाड वाडगा कागदी पिशवींत घालून सावलींत ठेवून द्यावा आणि दर आठवड्यास स्वयंपाकघरांतील काट्यावर त्याचें वजन करून तारखेसह लिहून ठेवावें. आरंभीं वजन झपाट्यानें उतरतें, मग मंदावतें, आणि कांहीं महिन्यांनीं थांबतें. वजन थांबलें म्हणजे लाकडाचें हवेशीं जमलें. तोंवर वाडगा वांकडा झालेला असतोच. परंतु जाडी राखली असल्यामुळें दुसऱ्यांदा कातून त्यांतून गोल वाडगा काढतां येतो, आणि तो पुढें सहसा हलत नाहीं.

शेवटचा हात तेलाचा. शेंगदाण्याचें किंवा तिळाचें तेल सुकत नाहीं, खवट होतें. कच्चें जवसाचें तेल हवेंत सुकून घट्ट होतें. तें पातळ लावून पुसावें आणि बरेच दिवस वाळूं द्यावें. रंगाच्या दुकानांत ‘उकळलेलें’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलांत पुष्कळदां लवकर सुकविणारीं धातुद्रव्यें घातलेलीं असतात. खाद्यपदार्थांच्या भांड्यास तें नको. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. सुकतांना ते तापतात आणि आपोआप पेट घेतात. ते मोकळे पसरून बाहेर वाळवावे किंवा पाण्यांत बुडवून ठेवावे. तयार वाडग्यांत सुका मेवा, फळें, भाकरीचें पीठ चालेल. आपल्या आज्यांची काथवट याच जातीची होती. मात्र तो पाण्यांत भिजत घालूं नये आणि चुलीजवळ ठेवूं नये.

इतकें वाचून ज्यांचा उत्साह टिकला असेल त्यांस आमची एक सूचना आहे. यंत्र विकत घेण्याआधीं कातारी गांठावा. कोंकणांत जाणाऱ्यांनीं सावंतवाडीच्या चितारआळींत जावें. लाखेच्या रंगाच्या लाकडी वस्तूंसाठीं ती प्रसिद्ध आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून रंग चढतो, आणि मग केवड्याच्या पानानें घासून त्यावर तकाकी आणतात. विजेचीं यंत्रें येण्यापूर्वीं आपल्या देशांतील कातारी जमिनीवर बसून, पायाच्या बोटांनीं हत्यार सांवरून हें काम करीत आणि जोडीदार दोरी पुढेंमागें ओढून लाकूड फिरवी. हा धंदा किती जुना आहे हें पहावयाचें असेल तर पाली ग्रंथांतील सतिपट्ठान सुत्त काढावें. श्वासाकडे लक्ष कसें ठेवावें हें सांगतांना बुद्धांनीं तेथें कातणाऱ्याचा दृष्टांत दिला आहे : लांब हात मारतांना तो लांब आहे आणि आंखूड मारतांना आंखूड आहे, याचें त्याला पुरतें भान असतें. या दृष्टांतांत कातणाऱ्याबरोबर त्याच्या शिष्याचाहि उल्लेख आहे, याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों.

शिष्य नसला म्हणजे काय होतें याचें उदाहरण इंग्लंडांत घडलेलें आहे. बर्कशायर परगण्यांत जॉर्ज लेली नांवाचा कारागीर पायानें चालविण्याच्या साध्या यंत्रावर एल्म झाडाच्या लाकडाचे वाडगे कातीत असे. एकाच ठोकळ्यांतून एकांत एक बसणारे अनेक वाडगे काढण्यांत त्याचा हातखंडा होता. १९५८ सालीं तो वारला आणि त्याच्यामागें ती विद्या चालविणारा कोणी राहिला नाहीं. त्याचीं हत्यारें रेडिंग येथील संग्रहालयांत गेलीं. पुढें कित्येक वर्षांनीं रॉबिन वुड या कारागिरानें त्या हत्यारांचा अभ्यास करून ती पद्धत पुन्हा उभी केली. गुरूनें एका पावसाळ्यांत दाखविली असती ती गोष्ट मुक्या लोखंडाकडून वदवून घ्यावी लागली. आपल्याकडील कातारी आज हयात आहेत, बोलतात, विचारलें तर दाखवितातहि. आपल्या शिकलेल्या घरांतून मात्र त्यांच्याकडे वस्तु विकत घेण्यापलीकडे कोणी जात नाहीं. मुलगा पदवीधर झाला म्हणून त्यानें कातारी माणसाजवळ बसून केर काढण्यापासून सुरुवात करूं नये, असें ज्या वडीलमंडळींस वाटतें, त्यांस आमची विनंति आहे कीं त्यांनीं एकदां स्वतः जाऊन ते हात पाहावे.

आतां पडलेल्या फणसाचें काय? तो नवशिक्याच्या पहिल्या धड्यासाठीं नव्हे. त्या लाकडाचे जाड वाडगे जाणत्या कातारी माणसाकडून रीतसर मजुरी देऊन पहिल्या पंधरवड्यांतच कातून घ्यावे आणि वजनाची वही घालून कपाटावर ठेवावे. ते सुकण्यास जे महिने लागतील तेवढेच महिने घरांतील शिकाऊ हाताला द्यावे. त्यानें सर्पणांतला आंबा घ्यावा, दहा वाडगे करावे, त्यांतले फुटतील ते चुलींत घालावे. वहींतलें वजन उतरावयाचें थांबेपर्यंत हाताचा झटकाहि थांबलेला असेल. मग पणजोबांच्या झाडाचा पहिला वाडगा यंत्रावर चढवावा, आणि तो पुरा झाला म्हणजे त्याच्या बुडाशीं झाडाचें नांव, गांव आणि तें पडल्याचें साल तेवढें कोरावें. कातणाऱ्याचें नांव नसलें तरी चालेल. घरांतील मंडळी तें विसरणार नाहींत.